माती सुटल्यावरचे मूळ

वनस्पतीच्या मुळाला निसर्गाने दोन कामे नेमून दिली आहेत : धरणे आणि पिणे. धरणे म्हणजे खोडाचा, फांद्यांचा आणि वाऱ्याचा भार पेलून झाडाला एका जागी स्थिर ठेवणे. पिणे म्हणजे मातीच्या कणांमधल्या ओलाव्यातून पाणी व त्यात विरघळलेली खनिजे केशमुळांनी, म्हणजे मुळाच्या टोकामागे फुटणाऱ्या अतिसूक्ष्म लवीने, शोषून वर पाठवणे. मातीत ही दोन्ही कामे एकमेकांत इतकी मिसळलेली असतात की शेतकऱ्याला किंवा झाडालाही ती वेगळी करून पाहण्याचा प्रसंग येत नाही. भारतीय तत्त्वचिंतनाने आसक्तीसाठी मुळाची प्रतिमा योजली तेव्हाही ही दोन कामे एकच धरली गेली : जीव संसारातून रस घेतो म्हणून संसाराला धरून बसतो, आणि धरून बसतो म्हणून पुन्हा त्याच रसावर वाढतो. यातूनच अशी एक समजूत रुजली की ज्याने घर, शेत, गोतावळा सोडला, त्याची माती सुटली, आणि माती सुटली म्हणजे धरणेही सुटले. संन्यासाविषयीच्या लोकभावनेत ही समजूत आजही खोलवर आहे. मातीविना शेतीचे जे तंत्र हायड्रोपोनिक्स या नावाने ओळखले जाते, त्याने मुळाची ही दोन कामे प्रत्यक्षात वेगळी करून दाखवली आहेत आणि त्यामुळे त्या जुन्या समजुतीची एक वेगळीच परीक्षा शक्य झाली आहे.

हे तंत्र वाटते तितके नवे नाही. वनस्पतीला मातीची नव्हे, तर मातीतल्या क्षारांची गरज असते, हे १८६०च्या सुमारास युलियस फॉन झाक्स आणि विल्हेल्म क्नोप या जर्मन शास्त्रज्ञांनी रोपे नुसत्या क्षारयुक्त पाण्यात वाढवून सिद्ध केले होते. पुढे अमेरिकेत कॅलिफोर्निया विद्यापीठातील विल्यम गेरिके यांनी ही प्रयोगशाळेतली रीत पीक घेण्यासाठी वापरली आणि १९३७ मध्ये तिला आजचे नाव दिले. त्या नावाची फोड या विवेचनासाठी महत्त्वाची आहे. ग्रीक भाषेत ‘हायड्रो’ म्हणजे पाणी आणि ‘पोनोस’ म्हणजे श्रम, कष्ट. हायड्रोपोनिक्स या शब्दाचा सरळ अर्थ जलश्रम असा होतो. ज्या सोलापूरच्या भूमीवर बाराव्या शतकात एका योग्याने पाण्यासाठी केलेल्या श्रमालाच शिवाची पूजा मानले, त्या भूमीवर हा शब्द परका वाटू नये.

शहराच्या दक्षिण अंगाला वाढलेल्या जुळे सोलापूरसारख्या वस्तीत या तंत्राला असलेली जागा सहज ध्यानात येते. येथे घराभोवती शेत नाही, सिमेंटची गच्ची आहे. नळाचे पाणी काही दिवसांच्या अंतराने सुटते आणि टाकीत साठवून पुरवून वापरावे लागते. उन्हाळ्यात पारा कित्येक दिवस चाळीस अंशांच्या वर राहतो. अशा गच्चीवर पालक, कोथिंबीर, तुळस किंवा टोमॅटो यांसाठी जो संच मांडला जातो, त्यात बहुधा प्लॅस्टिकच्या नळ्या किंचित उतारावर बसवलेल्या असतात. हा उतार साधारणतः पन्नास ते शंभर फुटांना एक फूट इतका असतो. नळीला ठरावीक अंतरावर भोके पाडून त्यांत जाळीच्या लहान कुंड्या ठेवतात, कुंडीत नारळाच्या काथ्याचा भुसा आणि त्यात रोप असते. खालच्या टाकीतले पोषकद्रावण, म्हणजे नत्र, स्फुरद, पालाश आणि इतर क्षार मोजून विरघळवलेले पाणी, लहान पंपाने नळीच्या वरच्या तोंडाशी चढवले जाते. ते मिनिटाला एक-दोन लिटर या मंद गतीने, काही मिलिमीटर जाडीच्या पातळ थराने, मुळांना भिजवत खाली वाहते आणि पुन्हा टाकीत पडते. ही पातळ थराची रीत इंग्लंडमध्ये लिटलहॅम्प्टन येथील संशोधन संस्थेत अ‍ॅलन कूपर यांनी विकसित केली. तिचे मर्म त्या पातळपणातच आहे. मुळाचा खालचा भाग पाण्यात आणि वरचा भाग ओलसर हवेत राहिला पाहिजे, कारण मूळ पाण्याइतकीच हवाही घेते. ते श्वास घेते, आणि श्वासाविना त्याला पिताही येत नाही.

येथे रोपाला धरून ठेवण्याचे काम जाळीच्या कुंडीने उचललेले आहे. मुळाला आता काहीही पकडायचे नाही. फक्त प्यायचे आहे, आणि पिण्याचे पाणी दारातून अखंड वाहते आहे. अशा स्थितीत मूळ आटोपशीर राहील असे तर्काने वाटते. पालकासारखे महिनाभरात काढले जाणारे पीक असेल तर ते तसे राहतेही. परंतु टोमॅटो, मिरची किंवा काकडी यांसारखे महिनोन्‌महिने चालणारे पीक असेल तर नळीत वेगळेच चित्र दिसते. मुळे एकमेकांत विणली जाऊन त्यांची जाड गादी तयार होते. ती नळीची रुंदी व्यापते आणि हळूहळू पाण्यापुढे बांध घालते. बांधामागे पाणी साचते, पातळ थराचे डबके होते, गादीच्या आतल्या मुळांपर्यंत हवा पोचत नाही. सोलापूरच्या उन्हाळ्यात हे संकट दुणावते, कारण पाणी तापले की त्यात विरघळू शकणारा प्राणवायू घटतो : वीस अंशांना लिटरमागे नऊ मिलिग्रॅमच्या आसपास असलेले प्रमाण तीस अंशांना साडेसातवर येते, आणि त्याच वेळी तापलेल्या मुळाची श्वासाची गरज मात्र वाढलेली असते. गादीचा बाहेरचा भाग अजून पांढरा, टवटवीत दिसत असतो, पण आत मुळे तपकिरी होऊन कुजू लागतात. पिथियम नावाचा बुरशीसारखा सूक्ष्मजीव अशाच मुळांत शिरतो. त्याचे पोहू शकणारे बीजाणू वाहत्या पाण्यातून टाकीत आणि टाकीतून प्रत्येक नळीत जातात. ज्या पाण्याने मूळ जगले, त्याच पाण्याची वाट त्याच्या वाढीने अडवली, आणि या सगळ्यात बाहेरचा कोणी शत्रू आलेला नाही.

तत्त्वचिंतनाचा प्रश्न येथून सुरू होतो. धरण्याची गरज संपली तरी धरणे संपत नसेल, आधाराची माती काढून घेतल्यावरही मूळ स्वतःलाच धरून गुंता करत असेल, तर आसक्तीचे ठिकाण नेमके कोठे मानायचे : विषयात, की विषय घेण्याच्या रीतीत? आणि ते रीतीत असेल, तर विषयाच्या त्यागाला साधनेत काय स्थान उरते?

भगवद्‌गीतेच्या पंधराव्या अध्यायातील अश्वत्थाची प्रतिमा या प्रश्नाला फार जवळची आहे. तेथे संसार हा वर मूळ आणि खाली फांद्या असलेला वृक्ष म्हणून रंगवला आहे, हे सर्वश्रुत आहे. मात्र दुसऱ्या श्लोकातला पुढचा तपशील सहसा वाचणाऱ्याच्या नजरेतून निसटतो. या वृक्षाला खालीही मुळे फुटतात, ती मनुष्यलोकात पसरतात आणि कर्माने बांधणारी असतात, असे तेथे सांगितले आहे. म्हणजे मुख्य मूळ वर, ब्रह्मात असले तरी जीवाची खरी अडचण या नंतर फुटलेल्या, कर्मागणिक वाढणाऱ्या दुय्यम मुळांची आहे. तिसऱ्या श्लोकात हा घट्ट रुजलेला वृक्ष असंगाच्या शस्त्राने छेदावा असे म्हटले आहे, आणि असंग म्हणजे काय यावर भाष्यकारांचे मार्ग वेगळे होतात. शंकराचार्य असंगाचा अर्थ पुत्र, वित्त आणि लोक या तीन एषणांपासून, म्हणजे संतती, संपत्ती आणि लोकप्राप्ती यांच्या ओढीपासून उठून वेगळे होणे असा लावतात, आणि त्यांच्या एकूण विचारात या उठण्याचा शेवट संन्यासात होतो. ज्ञानेश्वरांचा भर हा वृक्ष मुळातच मिथ्या असल्याने ज्ञानाखेरीज दुसऱ्या कशाने तो तुटायचाच नाही, यावर आहे. लोकमान्य टिळकांनी १९१५ साली प्रसिद्ध झालेल्या ‘गीतारहस्या’त असंग म्हणजे कर्माचा नव्हे, फलासक्तीचा त्याग, हीच बाजू सर्व सामर्थ्यानिशी मांडली. या तिन्ही मतांत एक गोष्ट गृहीत आहे : तोडणारा तोडायच्या मुळापासून वेगळा उभा आहे. नळीतल्या मुळाचा विचार करताना नेमकी हीच गोष्ट अवघड होते, कारण तेथे तोडायचे मूळ आणि जगवायचे मूळ एकच आहे.

सोलापूरच्या इतिहासात या अडचणीला सामोरी जाणारी एक कथा आहे, आणि ती पाण्याचीच कथा आहे. शिवयोगी सिद्धराम, ज्यांना हे शहर सिद्धेश्वर म्हणून ग्रामदैवत मानते, ते बाराव्या शतकात तेव्हाच्या सोन्नलिगे या गावी जन्मले. कन्नड कवी राघवांकाने त्यांच्या चरित्रावर काव्य रचले आहे, आणि परंपरा सांगते की श्रीशैलच्या मल्लिकार्जुनाच्या दर्शनानंतर परतून त्यांनी गावात अडुसष्ट शिवलिंगे स्थापिली, देऊळ उभारले आणि हजारो हातांच्या श्रमाने मोठा तलाव खणवला. गावाची तहान भागवणे, सामुदायिक विवाह लावणे, आलेल्याला अन्न देणे ही त्यांची नित्याची कामे होती. ते स्वतः गृहस्थ नव्हते. त्यांच्याशीच लग्न करण्याचा हट्ट धरलेल्या कुंभारकन्येने शेवटी त्यांच्या योगदंडाशी विवाह केला, अशी आख्यायिका आहे, आणि मकरसंक्रांतीच्या सुमारास भरणाऱ्या गड्ड्याच्या यात्रेत नंदीध्वजांच्या मिरवणुकीसह होणारा अक्षता सोहळा आजही त्या विवाहाचे स्मरण जागवतो. वर वापरलेल्या भाषेत सांगायचे तर सिद्धरामांची माती पूर्णपणे सुटलेली होती. घर नाही, वंश नाही, स्वतःची म्हणावी अशी वस्तू नाही. जे काही होते ते लोकांसाठी वाहणारे पाणी होते.

याच तलावाच्या कामावर अल्लमप्रभू आले. अल्लम हे कल्याणच्या अनुभवमंटपाचे, म्हणजे बसवण्णांच्या पुढाकाराने भरणाऱ्या शरणांच्या विचारसभेचे अध्यक्ष. त्यांची आणि इतर शरणांची संवादरूप गाथा पंधराव्या शतकात ‘शून्यसंपादने’ या कन्नड ग्रंथात संकलित झाली. त्या परंपरेनुसार अल्लमांनी सिद्धरामांची चौकशी करताना त्यांना योगी किंवा गुरू म्हटले नाही. माती खणणाऱ्या, दगड फोडणाऱ्या माणसाच्या नावाने त्यांना हाक मारली. कामावरची माणसे चिडली आणि त्यांनी अल्लमांवर दगड फेकले. नंतर सिद्धराम स्वतः संतापून आले, आणि त्यांच्या कोपाच्या अग्नीपुढेही अल्लम अविचल राहिले तेव्हा संवाद सुरू झाला. या प्रसंगाचे एक सवंग वाचन असे की ज्ञानी पुरुषाने श्रमिकाला कमी लेखले. ते टिकणारे नाही. शरणांच्या विचारात कायक, म्हणजे स्वतःच्या हातांनी केलेले प्रामाणिक काम, हेच कैलास मानले गेले. चांभार, नावाडी, धोबी, कोष्टी अशा श्रमकऱ्यांना मानाने वागवणाऱ्या मंडळातला माणूस खणण्याच्या कामाची हेटाळणी करील हे संभवत नाही. अल्लमांनी उच्चारलेले नाव ही एक चाचणी होती, आणि त्या चाचणीत जे वर आले ते महत्त्वाचे आहे. ‘माती खणणारा’ म्हटल्याने ज्याला राग आला, त्याने मातीत हात घातलेले असूनही त्या हातांवर ‘मी योगी, मी गावाचा तारक’ असा एक सूक्ष्म लेप चढलेला होता. तलाव लोकांसाठी होता यात शंका नाही. पण तलाव खणणारा तलावात रुजला होता.

नळीतल्या मुळाशी असलेले या प्रसंगाचे साम्य केवळ अलंकारापुरते नाही. सिद्धरामांना कोठेही धरून राहण्याची गरज उरली नव्हती, आणि तरी त्यांचे कर्म ज्या प्रवाहावर पोसले जात होते, त्याच प्रवाहात त्याची गादी जमू लागली होती : एक लिंग, दुसरे लिंग, अडुसष्ट लिंगे, एक देऊळ, एक तलाव, त्याभोवती शिष्यांचा मेळा. यातली प्रत्येक गोष्ट पुण्याची आहे. पण पुण्याची मुळेही मुळेच असतात, आणि ती पांढरी व टवटवीत दिसत असल्याने आतला कोंडमारा बाहेरून ओळखू येत नाही. संसारी माणसाची आसक्ती मातीत असते. मातीत वाळू असते, भेगा असतात, गांडुळांच्या वाटा असतात, उन्हाळ्यात कोरडे थर असतात, आणि हे सारे मुळाला ठिकठिकाणी अडवते, वळवते, थांबवते. संन्याशाची आसक्ती स्वच्छ, अडथळाविहीन, पोषक द्रव्यांनी भरलेल्या पाण्यात वाढते. म्हणून ती अधिक वेगाने वाढण्याचा धोका असतो.

याच मुद्द्याची सर्वांत काटेकोर मांडणी जैन आचारशास्त्रात झाली आहे, आणि त्या शास्त्राचेही सोलापूरशी जिव्हाळ्याचे नाते आहे : ब्रह्मचारी जीवराज गौतमचंद दोशी यांच्या दातृत्वातून उभ्या राहिलेल्या येथील जैन संस्कृती संरक्षक संघाने ‘जीवराज जैन ग्रंथमाले’तून प्राचीन जैन ग्रंथांच्या चिकित्सक आवृत्त्या प्रसिद्ध केल्या. जैन विचारात परिग्रह, म्हणजे संग्रह किंवा मालकी, हे बंधनाचे एक प्रमुख कारण मानले आहे. उमास्वातींनी तत्त्वार्थसूत्रात परिग्रहाची व्याख्या करताना वस्तूचा उल्लेखच केलेला नाही. त्यांनी परिग्रह म्हणजे मूर्च्छा असे सांगितले, आणि मूर्च्छा म्हणजे ‘हे माझे’ या भावनेने येणारी गुंगी. दहाव्या शतकाच्या सुमारास अमृतचंद्राचार्यांनी ‘पुरुषार्थसिद्ध्युपाया’त या व्याख्येचा परिणाम शेवटपर्यंत नेला : ज्याच्याजवळ बाहेरची एकही वस्तू नाही, पण मूर्च्छा आहे, तो परिग्रहीच होय. दिगंबर परंपरेने बाह्य परिग्रहाचे दहा आणि आभ्यंतर परिग्रहाचे चौदा प्रकार गणले आहेत. शेत, घर, सोने, धान्य ही बाहेरच्या यादीत येतात, तर क्रोध, मान, माया, लोभ यांच्यासारखी आतल्या यादीत. वस्त्रसुद्धा न ठेवणाऱ्या मुनिपरंपरेने आतली यादी बाहेरच्या यादीपेक्षा लांब ठेवावी, हे अतिशय मोलाचे आत्मपरीक्षण आहे. त्याच वेळी या परंपरेने वस्तूचा त्याग निरर्थक मानला नाही; बाहेरची वस्तू मूर्च्छेला निमित्त पुरवते म्हणून तीही सोडावी, असे तिचे सांगणे आहे. माती काढणे आवश्यक असू शकते, पुरेसे मात्र नसते.

जैन दृष्टीने पाहता येथे आणखी एक प्रश्न उभा राहतो आणि तो टाळणे प्रामाणिकपणाचे होणार नाही. वनस्पती हा स्पर्श हे एकच इंद्रिय असलेला जीव आहे, तशीच पृथ्वी, पाणी, अग्नी आणि वायू यांनाही जैन मत सजीव मानते. कंदमुळांत अनंत जीव एका शरीरात राहतात म्हणून ती वर्ज्य ठरतात. नांगरणीत मातीतल्या असंख्य जीवांचा घात होतो, या दृष्टीने मातीविना शेती कमी हिंसेची वाटू शकेल. पण तीत पाणी सतत ढवळले जाते, आणि गुंता वाढला की जिवंत मूळ कापण्याचा प्रसंग येतो. जैन शास्त्राने गृहस्थाच्या हिंसेचे चार भाग केले आहेत : मुद्दाम ठरवून केलेली संकल्पी, घरकामात घडणारी आरंभी, उपजीविकेत घडणारी उद्योगी आणि संरक्षणार्थ करावी लागणारी विरोधी. पहिली पूर्ण वर्ज्य, बाकीच्या तीन जितक्या कमी करता येतील तितक्या करायच्या. मुळाची छाटणी उद्योगी हिंसेत मोडेल. ती निषिद्ध नाही, परंतु ती करायची वेळच येऊ नये अशी रचना आधी करण्याचे कर्तव्य गृहस्थावर येते. ही भूमिका शेतीच्या अनुभवाशीही जुळते.

कारण छाटणी हा दिसतो तितका सरळ उपाय नाही. मुळाचे टोक बाजूच्या उपमुळांच्या फुटण्यावर अंकुश ठेवत असते. टोक कापले की तो अंकुश जातो, आणि मागच्या भागातून अनेक उपमुळे फुटतात. आज मोकळी केलेली नळी काही आठवड्यांत आधीपेक्षा दाट विणीने भरू शकते, शिवाय कापलेल्या जागी रोगाला दार मिळते. म्हणून जाणते लोक छाटलीच तर थोडी, टोकाकडची मुळे, ऊन उतरल्यावर आणि धुतलेल्या धारदार हत्याराने छाटतात. दमनाने वासना शाखांनी वाढते हे अनुभवी साधकांनी पुष्कळदा सांगितले आहे. नळीतले मूळ त्याची शरीरशास्त्रीय बाजू दाखवते. त्याहून मोलाची गोष्ट अशी की मुळाच्या अतिवाढीमागे अनेकदा उणीव असते. पाण्यात नत्र किंवा स्फुरद कमी पडले की झाड पानांऐवजी मुळांवर अधिक खर्च करते, कारण जे मिळत नाही ते शोधण्यासाठी त्याला लांबवर जावे लागते; द्रावण पुरेसे आणि समतोल असेल तर तेच झाड मुळे आखूड ठेवून पानाफळांकडे वळते. हाव ही भरल्या घरापेक्षा भुकेल्या आणि भुकेच्या भीतीने ग्रासलेल्या घरात अधिक वाढते, आणि अशा हावेला उपदेशाची कात्री लावण्यापूर्वी तिची भूक कशाची आहे हे पाहणे ही करुणेची, म्हणून धर्माचीही, पहिली पायरी ठरते. नळी रुंद घेणे, तिची लांबी मर्यादित ठेवणे, उतार जपणे, टाकी सावलीत ठेवणे, दीर्घकालीन पिकाला पातळ थराची रीत न देता खोल पात्र देणे हे सारे उपाय मुळाशी भांडत नाहीत. ते वाहण्याची जागा राखतात.

सोलापूर जिल्ह्यातला डाळिंब उत्पादक संयमाची आणखी एक रीत जाणतो. बहार धरण्यापूर्वी, म्हणजे झाडाला एका ठरावीक हंगामात एकाच वेळी फुलवण्यापूर्वी, तो बागेला ताण देतो : पाणी आठवडेच्या आठवडे तोडतो, झाड पाने गाळते, आणि मग पाणी सुरू झाले की कळ्यांनी भरून जाते. व्रत, उपवास, चातुर्मासातला नियम यांचे तर्कशास्त्र हेच आहे. काही काळ घेणे थांबवल्याने घेणारा बदलतो. पण ताण मातीतल्या झाडालाच देता येतो, कारण माती थोडी ओल राखून ठेवते आणि झाडाला सावरायला अवधी देते. पातळ थराच्या नळीत उन्हाळ्याच्या दुपारी वीज गेली आणि पंप थांबला तर काही तासांत रोपे माना टाकतात. माती ही केवळ बंधन नव्हती, तीत सबुरीही होती, हे यावरून दिसते. आणि गृहस्थाश्रमाला भारतीय परंपरेने सर्व आश्रमांचा आधार का मानले, याचे एक कारणही त्यात सापडते. ज्याने माती सोडली त्याला रोज, क्षणोक्षणी, जागे राहावे लागते.

एका नळीवर अनेक रोपे असतात, ही बाब आतापर्यंत बाजूला राहिली होती. वरच्या तोंडाशी असलेल्या रोपाला ताजे, प्राणवायूने भरलेले पाणी प्रथम मिळते. त्याची मुळे पसरली की शेवटच्या रोपापर्यंत उरते ते रोडावलेले, श्वास संपलेले पाणी. कालव्याच्या शेवटच्या टोकाला शेत असणाऱ्या शेतकऱ्याला ही स्थिती समजावून सांगावी लागत नाही. रात्री दारे धरायला जाऊन कोरड्या चारीकडे पाहत बसण्याचा अनुभव भीमाकाठच्या ऊसपट्ट्यातही अनोळखी नाही. व्यक्तीची आसक्ती जेव्हा सामाईक प्रवाहात वाढते तेव्हा ती अध्यात्माची खासगी बाब राहत नाही, न्यायाचा प्रश्न होते. जैन गृहस्थाचे परिग्रहपरिमाण व्रत, म्हणजे ‘एवढेच ठेवीन’ अशी स्वतःच आखलेली मर्यादा, या प्रश्नाला वैयक्तिक उत्तर देते. विलासराव साळुंखे यांनी १९७०च्या दशकात पुरंदर तालुक्यातील नायगाव येथून उभ्या केलेल्या पाणी पंचायतीने त्याला सामुदायिक रूप दिले : पाण्याचा हक्क जमिनीच्या प्रमाणात न देता माणशी अर्धा एकर भिजेल इतका, कुटुंबाला अडीच एकरांच्या मर्यादेत; भूमिहीनालाही वाटा; आणि उसासारख्या बारमाही तहानेच्या पिकाला मज्जाव. तेथे कोणाचेही मूळ कापले गेले नाही. वाहण्याला जागा राहावी म्हणून प्रत्येक मुळाची व्याप्ती आधीच ठरवली गेली, आणि ती ज्यांची मुळे होती त्यांच्याच संमतीने.

मुळांचा गुंता हा स्वतःमध्ये दोष आहे का, याचेही उत्तर सरसकट देता येत नाही. दुष्काळी भागातले पशुपालक मक्याचे दाणे भिजवून ट्रेमध्ये पसरतात आणि सात-आठ दिवसांत, मातीविना, वीतभर उंचीचा हिरवा चारा उगवतात. किलोभर मक्यापासून पाच-सहा किलो चारा मिळतो असे सांगितले जाते तेव्हा त्या वजनातले बहुतेक पाणी असते, शुष्क भार उलट थोडा घटलेला असतो, हे खरे. तरी कोरड्या कडब्याच्या दिवसांत गाईला तो हिरवा घास मोलाचा वाटतो. या ट्रेखाली मुळांची जी घट्ट, पांढरी चटई तयार होते, तीच नळीत बांध ठरली असती. येथे ती पानांसकट, दाण्यांसकट उचलून गव्हाणीत घातली जाते आणि तिचा कणही वाया जात नाही. वाढ सारखीच, विणही सारखीच. एकीत ती प्रवाहाच्या आड आली, दुसरीत ती स्वतःच देऊन टाकण्याची वस्तू झाली. शरणांनी कायकाच्या जोडीला दासोह ही कल्पना ठेवली, दासोह म्हणजे श्रमातून जे आले ते स्वतःचे न मानता समाजाच्या पंगतीत वाढणे, तिचा आशय यापेक्षा नेमक्या दृष्टांताने सांगणे कठीण आहे.

सिद्धरामांच्या कथेचा उत्तरार्ध या प्रकाशात वाचला पाहिजे. अल्लमांबरोबर ते कल्याणला गेले, तेथे शरणांमध्ये वावरले, आणि चन्नबसवण्णांकडून त्यांना इष्टलिंगाची दीक्षा मिळाली, असे परंपरा सांगते. ज्याने अडुसष्ट लिंगे गावभर स्थापिली, त्याने शेवटी तळहातावर मावेल एवढे एक लिंग स्वीकारले. अल्लमांनी तलाव बुजवायला सांगितला, असे कोणतीही कथा म्हणत नाही. देवळे पाडली गेली नाहीत, लिंगे उखडली गेली नाहीत, आणि पाणी गावासाठीच राहिले. ‘कपिलसिद्धमल्लिकार्जुन’ या मुद्रेने, म्हणजे वचनाच्या शेवटी येणाऱ्या इष्टदेवतेच्या नावाने, त्यांची वचने आजही कन्नड भाषेत वाचली जातात, आणि सोन्नलिगेला परतल्यावर त्यांनी जेथे समाधी घेतली ते सिद्धेश्वराचे देऊळ तलावाच्या पाण्यामध्ये उभे आहे : ज्याने ते पाणी आणले, त्याच्या चारही अंगांनी ते आता मोकळे पसरलेले असते, आणि दर्शनाला येणारा माणूस त्या पाण्याला ओलांडूनच आत जातो.